काजू कारखान्याच्या पोरी

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात मी काम मागायला गेले तेव्हा शेठनी माझी उंची पाहिली. दाराच्या चौकटीखाली उभं राहायला सांगितलं आणि म्हणाले, "हात वर कर." माझी बोटं वरच्या लाकडाला सहज टेकली. "उद्यापासून ये," एवढंच ते बोलले. बाहेर आई थांबली होती, मासळीची रिकामी टोपली काखेत धरून. उंच मुलगी गोणी रचायला बरी पडेल म्हणून घेतली असेल, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

अठ्ठ्याण्णवची दिवाळी नुकतीच झाली होती. शेठ तरुणपणी बेळगावला शिकायला होते आणि तिथे बास्केटबॉल खेळायचे. पुढे वडिलांचा कारखाना त्यांच्या अंगावर पडला आणि खेळ सुटला. पन्नाशी आल्यावर त्यांनी बिया वाळवायच्या खळ्यातला अर्धा भाग सिमेंटने गुळगुळीत करून घेतला, दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवले, वर रिंगा बसवल्या आणि बाजारात सगळ्यांना सांगितलं की आपला मुलींचा संघ होणार. बेळगावहून एक सर आणले. सर एकटे होते. कारखान्यामागच्या खोलीत राहायचे आणि स्वतःच्या हाताने जेवण करायचे.

आम्ही सकाळी काजू फोडायचो आणि दुपारनंतर खेळायचो. पगार पूर्ण दिवसाचा. त्यामुळे खाली बसून फोडणाऱ्या बायका आम्हाला "खेळातल्यो बायो" म्हणायच्या. त्यात राग कमी आणि हसू जास्त असायचं. टरफलाचा चीक बोटांना लागला की कातडी काळी पडून सोलून निघते. आम्ही तेल आणि राख लावायचो, तरी व्हायचं ते व्हायचंच. पहिले काही महिने बॉलचा खडबडीतपणा माझ्या बोटांना कळतच नव्हता. सर म्हणायचे, बोटांनी नको, मनगटाने टाक. तसं टाकायला लागले.

पहिल्या हंगामात आम्ही सगळे सामने हरलो. पणजीला, मडगावला, सांगलीला. गोव्याच्या मुली आखूड चड्ड्या घालून खेळायच्या, आम्ही ट्रॅकपँटवर. आमच्या अंगात कारखान्याने दिलेले पिवळे बनियन होते, पाठीवर काजूबोंडाचं चित्र. लोक हसायचे. शेठ मात्र प्रत्येक ठिकाणी जीप घेऊन हजर असायचे, हरल्यावर सगळ्यांना जेवायला घालायचे आणि परतताना गाडीत झोपून जायचे.

माझे वडील माझा खेळ बघायला कधी आले नाहीत. ते बंदरावरच्या एका होडीवर खलाशी होते. मी घरातून निघायचे तेव्हा ते समुद्रावर असायचे आणि मी यायचे तेव्हा झोपलेले. एकदा मात्र त्यांनी विचारलं होतं, "तो बॉल टाकून झाल्यार परत खाली पडता मगे?" मी म्हटलं, "पडता." ते म्हणाले, "मगे परत टाकूचो?" मी म्हटलं, "हो." त्यावर ते बराच वेळ हसले होते.

दुसऱ्या हंगामात संघात एक नवीन मुलगी आली. वेतोऱ्याची, शेतकरी घरातली, माझ्याहूनही वीतभर उंच. तिला बॉल धरायला शिकवावं लागलं, पण एकदा तिच्या हातात आलेला बॉल दुसऱ्या कुणाला काढून घेता येत नसे. सरांनी तिला रिंगेखाली उभी केली आणि मला बाहेर, बॉल पोचवायला. आमचं दोघींचं जमलं. डबा एकत्र, वाट एकत्र. ती मनातलं सगळं तोंडावर बोलायची. सरांनासुद्धा. "सर, तुमी शिट्टी वाजवतास ती कोणासाठी? आमी तर हयच आसंव," असं तिने एकदा म्हटलं आणि सरांनी शिट्टी खिशात ठेवली. त्या वर्षी आम्ही गोव्यात जिंकायला लागलो.

तिसऱ्या हंगामात कोल्हापूरची स्पर्धा होती. त्या वेळेपर्यंत आम्ही बऱ्या खेळायला लागलो होतो. आम्ही कोल्हापूरला पोचून दोन सामने जिंकलो आणि उपांत्य फेरीत आलो. आम्हाला एका लॉजवर उतरवलं होतं. उपांत्य सामन्याच्या दिवशी सकाळी सरांना खाली फोन आला. ते जिना चढून वर आले तेव्हा मी वरांड्यात दोरीवर बनियन वाळत घालत होते. ते माझ्याजवळ थांबले. "जेवलीस?" त्यांनी विचारलं. सकाळचे नऊ वाजले होते. "नाही अजून, सर," मी म्हटलं. ते "बरं" म्हणून आपल्या खोलीत गेले.

सामना दुपारी झाला. मी तसा चांगला सामना आधी कधीच खेळले नव्हते. वेतोऱ्याच्या मैत्रिणीला मी न बघता बॉल देत होते आणि ती तिथेच असायची. आम्ही जिंकलो. सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. सर बाकावरून उठले नाहीत. मग त्यांनी मला हाताने बोलावलं आणि बाकाच्या टोकाला बसवलं.

"तुझे वडील गेले," ते म्हणाले. "होडीवरून पाण्यात पडले होते. तू इकडे निघालीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन दिवस शोधत होते. आज पहाटे शिरोड्याच्या बाजूला सापडले."

मैत्रीण माझ्या मागे येऊन उभी होती. तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, सर?"

"सकाळी."

"आणि खेळवलात तिला?"

"हो," सर म्हणाले.

मला आठवतं ते असं, की मी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. दोन्ही पायांच्या. मग बूट पिशवीत भरले आणि चप्पल घातली. कुणीतरी पाणी दिलं, ते प्यायले. मैत्रीण सरांना मोठ्याने काही बोलत होती आणि मी तिच्या बनियनवरचं काजूबोंड बघत होते. धुऊन धुऊन त्याचा लाल रंग गुलाबी झाला होता. हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

शेठनी जीप दिली. आंबोलीचा घाट उतरताना अंधार पडला. घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. धाकट्या भावाने अग्नी दिला होता आणि तो ओल्या केसांनी अंगणात बसला होता. आई भिंतीला टेकून होती. तिने मला जवळ घेतलं, पण माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. बायका रडत होत्या. मीही रडायला हवं होतं. मी वाट बघत बसले. आता येईल, मग येईल, असं करता करता सकाळ झाली.

मैत्रिणीने त्याच आठवड्यात संघ सोडला. ती मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "त्या माणसाच्या हाताखाली मी खेळूचंय नाय. तुया खेळू नको." मी हो म्हटलं. मग बारावं-तेरावं झाल्यावर मी कारखान्यात गेले, सकाळी काजू फोडले आणि दुपारी कोर्टवर जाऊन उभी राहिले. सरांनी बॉल माझ्याकडे टाकला. का गेले, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरात पगार हवा होता हे खरं, पण पगार तर नुसते काजू फोडूनही मिळाला असता. मला वाटतं, रोज त्या वेळेला मी तिथे असायचे म्हणून गेले.

पुढच्या हंगामात माझ्यात एक फरक पडला. मी घाबरेनाशी झाले. फ्री थ्रो टाकताना समोरचे लोक आरडाओरडा करतात, शिट्ट्या मारतात, बाई असली तर आणखी काय काय बोलतात. पूर्वी मी घाईने टाकून मोकळी व्हायचे. आता मी रेघेवर उभी राहायचे, बॉल एकदा आपटायचे आणि टाकायचे. तो आत गेला काय आणि बाहेर पडला काय, मला सारखंच होतं. म्हणूनच बहुतेक आत जायचा. चौथा, पाचवा, सहावा हंगाम असेच गेले. आम्ही सांगलीला जिंकलो, मडगावला जिंकलो, बेळगावला तर सरांच्याच जुन्या मैदानावर जिंकलो. पेपरात माझा फोटो आला. त्यात मी ढाल हातात धरून उभी आहे आणि बाजूच्या सगळ्या हसतायत. फोटो बघून शेठ म्हणाले, "अगो, जरा हस तरी." मी पुढच्या वेळी हसले.

त्या वर्षांत माझं आणि सरांचं बोलणं खेळापुरतं व्हायचं. डावीकडून जा, उजवीकडे दे, पाणी पी. मला त्यांचा राग यायचा का? लोक असंच धरून चालायचे. काजू फोडणाऱ्या बायका सर आले की गप्प व्हायच्या. नव्या मुलींना कुणीतरी ती गोष्ट सांगायचंच, मग त्याही काही दिवस त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघायच्या. सरांना ते कळत होतं. ते मान खाली घालून कोर्ट झाडून घ्यायचे. राग यायला हवा, एवढं मला कळत होतं. पण जसं रडू आलं नाही तसा तोही आला नाही. पावसाळ्यात आम्ही गोदामात खेळायचो, काजूच्या गोणींच्या मधल्या वाटेत. तिथे सरांचा आवाज घुमायचा आणि मला वाटायचं, तो कुठूनतरी लांबून येतोय.

सातव्या हंगामापासून उतरण लागली. जुन्या मुली लग्नं होऊन गेल्या. माझ्यासाठीही स्थळं आली, पण "बॉल खेळणारी" म्हटल्यावर एकदोन जण परत गेले आणि नंतर मीच नको म्हटलं. आईने आग्रह केला नाही. मैत्रिणीचं लग्न नांदगावला झालं. मी गेले होते. तिने मला जेवायला आग्रह केला आणि संघाचं काही विचारलं नाही. नव्या मुली आल्या, त्या माझ्यापेक्षा चपळ होत्या, पण त्यांना दुपारी टीव्हीवरच्या मालिका चुकलेल्या आवडायच्या नाहीत. आठव्या हंगामात शेठना अर्धांगवायूचा झटका आला. ते खुर्चीवर बसून खेळ बघायला यायचे, डावा हात मांडीवर ठेवून. आम्ही हरलो तरी उजव्या हाताने मांडीवर थापटी मारायचे. नवव्या हंगामात ते गेले.

त्यांचा मुलगा चांगला होता, पण त्याला संघाचं काय करायचं ते कळत नव्हतं. दोन वर्षं त्याने चालवून बघितला. दोन हजार नऊच्या मे महिन्यात त्याने आम्हाला ऑफिसात बोलावून सांगितलं की पुढच्या दिवाळीपासून संघ नसेल, काम ज्यांना हवं त्यांना आहे. एक नवीन मुलगी म्हणाली, "बनियन परत द्यायचे काय?" तो म्हणाला, "ठेवा." सर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बेळगावला गेले. त्यांच्याबरोबर एक ट्रंक आणि स्टोव्ह होता. मी स्टँडवर गेले नाही.

त्या संध्याकाळी आई पडवीत बांगडे साफ करत होती. मी तिला म्हटलं, "सर गेले आज."

"गेले?" तिने हात थांबवला. "माका सांगूचा नाय तरी? मी तेंका भेटलंय आसतंय."

"तू कित्याक?"

"बरो माणूस. एवढी वर्सा माझो सबूद पाळल्यान."

मी विचारलं, कसला शब्द. तिने माझ्याकडे बघितलं. मग परत बांगडा हातात घेतला आणि बोलत राहिली, जणू मला हे माहीत असायलाच हवं होतं. वडील सापडले त्या सकाळी तिला पोलीस शिरोड्याला घेऊन गेले होते. दोन दिवस पाण्यात. तिने तोंड बघितलं आणि तिथून थेट कारखान्यात आली, शेठच्या ऑफिसातून कोल्हापूरला फोन लावून घेतला आणि सरांना सांगितलं की मुलीला एवढ्यात सोडू नका, खेळवा, संध्याकाळी पाठवा.

"तू तेंका बघूचा नाय होता, म्हणान," ती म्हणाली. "तो तुझो बापूस दिसा नाय होतो. सर म्हणाले, सांगून टाकूया पोरीक, मगे ती ठरवीत. मी म्हटलंय, सांगलास तर ती धावत येतली. सांगू नका. आणि माझा नावय घेव नका."

"माका कित्याक नाय सांगलंस?"

"काय सांगतलंय?" ती म्हणाली. "सांगलंय आसता तर तू इचारलं आसतंस, कसो दिसा होतो."

मी उठून पाणी आणलं आणि तिच्या हातावर ओतलं. त्या रात्री मी नेहमीसारखी जेवले.

पुढच्या जूनमध्ये मला ओरोसला एका शाळेत मुलींना खेळ शिकवायचं काम मिळालं आणि मी तिथे खोली घेऊन राहायला लागले. दोन हजार दहाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी बेळगावला गेले. सर एका शाळेच्या मैदानावर सापडले. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी मुलांना पाणी प्यायला सोडलं.

"आईने सांगितलं," मी म्हटलं.

"कधी?"

"तुम्ही गेलात त्या दिवशी."

त्यांनी हातातली शिट्टी खिशात ठेवली. मी म्हटलं, "सगळ्यांचं ऐकून घेतलंत. मला तरी सांगायचं."

"तुझ्या आईंनी नको म्हटलेलं. आणि तू त्यांच्यावर चिडली असतीस, तर मग घरात कुणाजवळ बसली असतीस? माझ्यावर चिडून चालण्यासारखं होतं." मग म्हणाले, "पण मला उगाच मोठा करू नको. तो सामना मला हवाच होता. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो हाच, की आज तू खेळशील. ते मी विसरलेलो नाही."

त्यांनी चहा मागवला. आम्ही पायरीवर बसून प्यायलो. निघताना त्यांनी विचारलं, "वेतोऱ्याची कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे. नांदगावला असते."

म्हणून मी परतल्यावर नांदगावला गेले. मैत्रिणीचं घर स्टेशनच्या वाटेवर आहे, मागे काजूची बाग. तिला दोन मुली आहेत, दोघी उंच. तिने घावणे केले आणि आम्ही मागच्या पायरीवर बसलो. मी तिला सगळं सांगितलं, आईचा फोन, शिरोडा, सरांचं बोलणं. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल, उगाच संघ सोडला म्हणून. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तरी सांगूक व्हया होता," ती म्हणाली.

"आवशीनच नको म्हटल्यान."

"म्हटल्यान आसात. तिचो घोव होतो, म्हणान तिका वाटला ता तिना केल्यान. पण तुझो बापूस होतो गो. तुका कोणीच इचारूक नाय."

इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी तिला म्हटलं, मला गाडी चुकेल. ती मला हायवेपर्यंत सोडायला आली. एसटी आली, मी चढले, कंडक्टरने विचारलं, "खंय?" आणि मला बोलता येईना. कंडक्टर दोनदा विचारून थांबला. मैत्रीण खिडकीखालून म्हणाली, "ओरोस द्या तिका."

ओरोस आलं. कचेऱ्या सुटल्या होत्या, बरीच माणसं उतरली आणि बरीच चढली. मी बसून राहिले. कंडक्टर परत आला तेव्हा मी कुडाळचं तिकीट काढलं. कुडाळला गाडी बदलली आणि वेंगुर्ल्याला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती.

आई दारातच होती. "आज कशी इलंस? शाळा सुरू झाली मां?"

"झाली," मी म्हटलं. मी चप्पल काढली आणि पडवीत बसले. "आये, बाबांच्या आंगात खयचो शर्ट होतो?"

तिने दार पुढे ओढून घेतलं आणि माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसली.

"निळो," ती म्हणाली. "बाही फाटलली होती. तेका मी धाग्यान शिवललंय, ता शिवण तेवढा तसाच होता. तेच्यावरसून वळाकलंय." मग तिने त्यांच्या तोंडाचं सांगायला सुरुवात केली, आणि मी तिचा हात धरून ऐकायला लागले.